तुमचं श्रमदान, आमचं वतन

दोस्तहो, परवा एक पत्रक हातात पडलं. गुळगुळीत कागद, वर गाडगेबाबांचं चित्र, खाली झाडू, आणि मजकूर असा की येत्या रविवारी सकाळी ७ ते ८ साताऱ्याच्या कास रोडच्या दोन्ही बाजूंचा कचरा गोळा करायला तरुणांनी मोठ्या संख्येनं यावं. टी-शर्ट मिळेल. हातमोजे मिळतील. नाष्टा मिळेल. प्रमाणपत्रसुद्धा मिळेल. आणि आपल्याच वस्तीतली चार पोरं मला विचारतायत, काय करायचं? जायचं का?

सांगतो. पण आधी माझ्या आत्तीचं ऐका.

आत्ती जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत ठेक्यावर रस्ते झाडते. १९ वर्षं झाली. या १९ वर्षांत ठेकेदार सहा झाले, आत्ती एकच. नवा ठेकेदार आला की ही पुन्हा नवी कामगार. म्हणजे १९ वर्षं काम करून हिची नोकरी कायम एक-दोन वर्षांचीच. पहाटे ५ ला हजेरी. पगार १० तारखेला म्हणतात आणि २५ ला देतात. हातमोजे मागितले तर मुकादम म्हणतो, तुला काय मेंदी लागलीय हाताला? काचेनं कापलेल्या बोटाला ती हळद लावते, चिंधी बांधते, नि दुसऱ्या दिवशी त्याच बोटांनी झाडू धरते.

आणि एका तासाच्या श्रमदात्याला हातमोजे आधी!

१ ऑक्टोबर २०२३. रविवार होता. 'एक तारीख, एक तास' असा दिल्लीहून हुकूम निघालेला. सकाळी १० वाजता सगळ्या देशानं एक तास झाडायचं. आत्तीच्या गावातही झाडायचं ठरलं. त्या दिवशी आत्तीला आणि तिच्यासोबतच्या बायांना पहाटे ४ लाच बोलावलं. का? तर साहेब लोक झाडणार तो रस्ता आधी झाडून घ्यायला. ओला कचरा, कुत्र्यानं फाडलेले डायपर, काचा, सगळं उचलून झालं. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की अरे, रस्ता चकचकीत झाला, आता साहेब झाडणार काय? मग पोत्यातनं वाळकी पानं आणून पसरायला लावली. वर चार कागदाचे बोळे. स्वच्छ कचरा! बघितलाय कधी स्वच्छ कचरा?

मी विचारलं, आत्ती, तुम्ही काय केलं मग? ती म्हणाली, "काय करायचं? त्येंचा फोटू हुस्तवर आमी झाडाखाली हुबं ऱ्हायलो. मंग त्येनी झाडल्यालं परत आमीच भरलं. त्येला सोंगाची गोळी पण उचलाय येत न्हाय."

त्या तासाला श्रमदान म्हणतात. आत्तीच्या सहा तासांना काय म्हणतात ते मला शब्दकोशात सापडलेलं नाही.

दान कोण करतो? ज्याच्याजवळ आहे तो. ज्याला नाही म्हणता येतं तो. आमच्या बापजाद्यांनी पिढ्यान्पिढ्या गाव झाडला, चावडी झाडली, मेलेलं ढोर ओढलं, सरकारी थैली डोक्यावर घेऊन पाटलाच्या पुढं पळाले, मयताचा सांगावा घेऊन रात्री दुसऱ्या गावाला गेले. त्याला कुणी श्रमदान म्हटलं नाही. वतन म्हटलं. बलुतं म्हटलं. वेठ म्हटलं. बदल्यात शिळी भाकर, तीही वरून टाकलेली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात या वतनाविरुद्ध बिल मांडलं, आणि कायद्यानं ही कनिष्ठ गावकामगार वतनं मोडायला १९५८ साल उजाडावं लागलं. कागदावर मोडली. झाडू मात्र सुटला नाही, तो वतनातून नगरपालिकेत गेला आणि नगरपालिकेतून ठेकेदाराकडे. आता तुम्ही त्याच झाडूला रिबीन बांधून आमच्या हातात देता आणि म्हणता, या, राष्ट्रकार्य करू या!

मित्रांनो, माझं भांडण स्वच्छतेशी नाही. कोण म्हणेल घाण बरी म्हणून? घाणीत राहायची सक्ती झालेल्यांना स्वच्छतेची किंमत शाहू कलामंदिरात भाषण ठोकणाऱ्यापेक्षा जास्त कळते. माझं भांडण साधं आहे. टाकतो कोण आणि उचलतो कोण?

चला कास रोडवर. यवतेश्वरचा घाट चढा आणि खाली बघत चाला. कास पठाराची फुलं बघायला सगळी दुनिया येते, २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातली जी ठिकाणं जागतिक वारसा म्हणून घेतली त्यात हे पठार आहे. पण तुम्ही फुलं बघू नका. कडेची चर बघा. दारूच्या बाटल्या, त्यातल्या निम्म्या दगडावर आपटून फोडलेल्या. पाण्याच्या बाटल्या. चिप्सची पाकिटं. वाढदिवसाच्या केकचा पुठ्ठा. थर्माकोलच्या थाळ्या, ज्यांच्यावर महाराष्ट्र सरकारनं २०१८ साली बंदी घातली. गुटख्याच्या पुड्या, ज्या गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी आहे. बंदी आहे तर या पुड्या काय पठारावर उगवल्या? कारवीबरोबर फुलल्या?

हा कचरा वाचायला शिका. त्यावर जात लिहिलेली नसते, पण वर्ग लिहिलेला असतो. ही घाण मोटारीच्या खिडकीतून आलेली आहे. माझी आत्ती कासला कधी गेलेली नाही. वस्तीतल्या बायका सुट्टीच्या दिवशी जिथं जातात तिथं क्वार्टर फोडायची पद्धत नाही. शनिवारी रात्री जे टाकून जातात त्यांच्यातलेच काही रविवारी सकाळी टी-शर्ट घालून उचलायला येतात, आणि जे राहिलं ते सोमवारी घंटागाडीवरच्या पोरानं उचलायचं. तो पोरगा कोण? आडनाव विचारायचीसुद्धा गरज नाही.

आणखी एक हात आहे, तो कुणाला दिसतच नाही. पुडी बनवणारी कंपनी. माल विकून पैसे घेऊन ती मोकळी झाली. पुडी शंभर वर्षं कुजत नाही आणि तिला गोळा करायचा खर्च कंपनीच्या हिशोबात नाही. प्लॅस्टिकच्या कचऱ्याबद्दल २०१६ साली केंद्रानं नियम केले, त्यात लिहिलंय की ज्यानं पॅकिंग बाजारात आणलं त्यानं ते परत गोळा करायची जबाबदारी घ्यायची. वाचा तो नियम. मग रस्त्यावर फिरा आणि कंपनीचा माणूस पुड्या वेचताना दिसला तर मला पत्र टाका. कंपनीला झाडूवाला फुकटात मिळालाय. आत्ती त्या कंपनीची बिनपगारी कामगार आहे, आणि रविवारी एक तास तुम्हीही.

आणि गोळा केलेला कचरा जातो कुठं? पोती भरली, फोटो निघाले, भारतमाता की जय झालं. पुढं? कचरा नाहीसा होत नाही, दोस्तहो. साताऱ्याचा सोनगावला जातो. सांगलीचा समडोळी रोडला जातो, मिरजेचा बेडग रोडला. तिथं डोंगर होतो. त्या डोंगरावर काच, पत्रा, प्लॅस्टिक वेचणाऱ्या बायका-पोरं असतात. सदाशिव पेठेची नजर स्वच्छ झाली, म्हणजे घाण सोनगावच्या नाकात गेली. गावाबाहेर ढकलणे ही या देशाची जुनी विद्या आहे. माणसांच्या बाबतीत ती आधी वापरून बघितली, मग कचऱ्याच्या.

बेडगचं नाव आलंच आहे तर सांगतो. मिरज तालुक्यातलं हे गाव. जून २०२३ मध्ये तिथं बाबासाहेबांच्या नावाची स्वागत कमान उभी राहत होती, ती पाडली गेली. आपली माणसं बायका-पोरांसह, भांडीकुंडी घेऊन गाव सोडून मुंबईच्या दिशेनं चालत निघाली. शहराच्या घाणीला बेडगचा रस्ता चालतो. त्याच रस्त्याच्या गावात बाबासाहेबांच्या नावाला मात्र जागा नाही! ही दोन्ही वाक्यं एका दमात म्हणून बघा, म्हणजे तुम्हाला 'परिसर स्वच्छता' या शब्दाचा खरा अर्थ कळेल. यांच्या लेखी कचरा म्हणजे काय आणि कोण, हे या मातीनं १९०१ सालीच सांगून ठेवलंय. शाळकरी भिवा भावंडांबरोबर साताऱ्याहून वडिलांकडे निघाला आणि मसूर स्टेशनवर उतरला. पोरांचे कपडे स्वच्छ, पोरं स्वच्छ. जात कळल्याबरोबर बैलगाडीवाले मागं सरले. दुप्पट भाडं घेऊन एकजण तयार झाला, तो या अटीवर की पोरांनी गाडी स्वतः हाकायची आणि तो पायी चालणार. त्या गाडीत शेणाच्या पाट्या भरल्या असत्या तर तो खुशाल वर बसून गेला असता.

आता बक्षिसांचं. आपले हे दोन जिल्हे स्वच्छतेत देशात पहिले आहेत, माहीत आहे का? केंद्राच्या स्वच्छ सर्वेक्षणात १ लाखाच्या आतल्या शहरांमध्ये २०२० साली कराड पहिलं, २०२१ साली विटा पहिलं, २०२२ साली पाचगणी पहिली. तीन वर्षं लागोपाठ. चेष्टा नाही. मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? पण दिल्लीला ट्रॉफी घ्यायला स्टेजवर कोण गेलं? आणि ती ट्रॉफी कुणाच्या कमरेतून निघाली? भिंतीवर रंगवलेल्या झाडूवालीच्या चित्राला मार्क मिळतात. जिचं चित्र आहे तिला प्रॉव्हिडंट फंड मिळतो का, या प्रश्नाला किती मार्क ठेवलेत ते मला कुणीतरी सांगा.

कुणी म्हणेल, हा गडी सगळ्यावरच भुंकतो. नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेली, धोक्याची पातळी ४५, आणि सांगली बुडाली. पाणी ओसरल्यावर आम्ही साताऱ्यातून पाचजण फावडी घेऊन गेलो. काय बघितलं ते सांगतो. गुडघाभर चिखल, त्यात मेलेली जनावरं, फुगलेल्या गाद्या, दुकानातलं सडलेलं धान्य, पोरांची वह्या-पुस्तकं. वासानं डोकं फिरायचं. आणि त्या चिखलात कोण नव्हतं? कॉलेजची पोरं, गणपती मंडळं, मशिदीतली माणसं, संप्रदायवाले, लांबच्या गावांतून आलेली माणसं. एक दुकानदार, सोन्याच्या चेनवाला, माझ्याबरोबर एकाच पाटीला हात लावून चिखल ओढत होता. मध्येच थांबून त्यानं माझ्या बाटलीतलं पाणी घेतलं, तोंड लावून प्याला. नाव विचारलं नाही. त्या आठ दिवसांची मी चेष्टा करणार नाही, करणाऱ्याला करू देणार नाही.

पण गल्लीच्या टोकाला दुसरीही माणसं होती. राज्यातल्या दुसऱ्या शहरांतून गाड्या भरून आणलेले सफाई कामगार. मी त्यांच्यात बसलो, तंबाखू मळली, आडनावं ऐकली. सगळी आपली. आम्ही मनानं आलेलो, हे ड्युटीवर आलेले. आम्हाला लोक चहा देत होते, नमस्कार करत होते, मोबाईलवर फोटो काढत होते. यांना मात्र "ए, इकडं राहिलं बघ" म्हणत होते. काम तेच. चिखल तोच. एक पुण्याचा म्हातारा कामगार मला म्हणाला, "तुमी घरी गेल्यावर आंघोळ केली की सुटला. आमची आंघोळ कवा संपत न्हाय." चिखल गेला तशी ती एकाच पाटीला हात लावलेली माणसंही आपापल्या गल्लीत गेली. त्यानंतर मी दोनदा त्या दुकानावरून गेलो. ओळख लागली नाही.

गाडगेबाबांचं चित्र पत्रकावर छापता? छापा. पण चित्रातला माणूस काय करत होता ते आधी सांगा. परीट समाजातला हा म्हातारा गावात शिरायचा आणि कुणाला न विचारता रस्ता झाडायला लागायचा. टी-शर्ट नाही, अंगावर चिंध्या. रात्री कीर्तन. आणि कीर्तनात तो कचऱ्याबद्दल बोलतच नव्हता फारसा! कर्ज काढून सण करता का, दारू पिता का, देवापुढं बकरं मारता का, पोराला शाळेत घालता का, शिवाशीव पाळता का, हे विचारायचा. बाहेरचा कचरा काढला की आतला दाखवायचा. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे दिली. कराडात भाऊरावांच्या रयतनं १९५४ साली कॉलेज काढलं, त्याला नाव याच बाबांचं. म्हणजे झाडूवाल्या बाबाच्या नावानं ग्रंथालय उभं राहिलं. तुम्ही ग्रंथालयातल्या पोराला परत झाडू द्यायला निघालात.

२००० सालापासून त्यांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान निघालं. तासगावच्या अंजनीचे आर. आर. पाटील तेव्हा ग्रामविकास मंत्री होते. गावं हलली, हे खरं. मी तेव्हा शाळेत होतो. शाळेनं सगळ्या पोरांना रस्ता झाडायला काढलं, तेही बरंच झालं, पाटलाच्या पोराच्या हातात झाडू आम्ही पहिल्यांदा बघितला, हसून लोळलो. पण शाळेची मुतारी धुवायला कुणाला पाठवलं ते सांगायला नको. मास्तरांनी आडनावं वाचली नाहीत. नुसतं बोट केलं. बोटाला बरोबर माहीत होतं.

हे बोट फार जुनं आहे. १९३६ साली गांधींनी 'हरिजन'मध्ये आदर्श भंगी कसा असावा यावर लेख लिहिला. त्याच १९३६ साली बाबासाहेबांनी जातीचं निर्मूलन मांडलं. एकानं झाडूची थोरवी सांगितली, दुसऱ्यानं झाडू जन्मानं का मिळतो ते विचारलं. २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारतचा आरंभ करताना पंतप्रधान झाडू घेऊन गेले कुठं? दिल्लीच्या वाल्मीकी वस्तीत! जे आयुष्यभर झाडतात त्यांच्याच दारात जाऊन झाडून दाखवलं. जिथं माणसं कधी झाडत नाहीत तिथं का नाही गेले?

आता जरा आपल्याच घरात घाण आहे तिकडं वळू. लाड-पागे समितीचं नाव सगळ्या कामगारवस्त्यांना पाठ आहे. सफाई कामगार निवृत्त झाला किंवा मेला की त्याच्या वारसाला ती नोकरी. २०२३ साली सरकारनं त्याचा नवा शासन निर्णय काढला तेव्हा वस्त्यांत पेढे वाटले. मीही खाल्ला. घशात अडकला. कलेक्टरची खुर्ची वारसानं मिळत नाही, प्राध्यापकी वारसानं मिळत नाही, उघडपणे तरी नाही. या देशात सरकार कागदावर सही करून जी वस्तू बापाकडून पोराला देतं ती झाडू! आणि तरी मी त्या निर्णयाविरुद्ध बोलू शकत नाही. कारण माझ्या चुलतभावानं एम. ए. केलंय आणि तो त्याच वारसाच्या यादीत नंबर लावून बसलाय. त्याला मी काय सांगू? बाबासाहेबांचं नाव ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं हे सांगू? तो म्हणतो, "दादा, ती कायम नोकरी हाय. तू देतोस का दुसरी?" मी गप्प. ठेकेदारीनं आमची अशी गोची केलीय की झाडू सोडा म्हणणारे आम्हीच आता कायम झाडू द्या म्हणून मोर्चे काढतो. या प्रश्नाचं सोपं उत्तर माझ्याजवळ नाही. ज्याच्याजवळ आहे त्यानं पुढच्या अंकात लिहावं, पण एम. ए. झालेल्या त्या पोराच्या समोर बसून लिहावं.

एवढं मात्र दिसतं की लढलं तर मिळतं. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघानं ठेक्यावरचे २,७०० सफाई कामगार कायम करायचा आदेश २०१७ साली सर्वोच्च न्यायालयातून मिळवला. पुण्यात कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायांनी १९९३ साली पंचायत उभी केली आणि आपल्याला कामगार म्हणायला लावलं. त्यांना कुणी टी-शर्ट दिला नव्हता.

तेव्हा जायचं का, या तुमच्या प्रश्नावर या. जा. पण रिकाम्या डोक्यानं आणि भरल्या हातमोज्यानं जाऊ नका. पत्रक काढणाऱ्यांना विचारा की त्या रस्त्यावरच्या ठेका कामगारांचा पगार कुठल्या तारखेला होतो. माहीत नसेल तर माहिती काढून या म्हणावं. गोळा केलेल्या पुड्या पोत्यात बांधून कंपनीच्या वितरकाच्या दुकानापुढं ओता, सोनगावला पाठवू नका. शनिवारी रात्री घाटात उभे राहा आणि बाटली फेकणाऱ्या मोटारींचे नंबर लिहा. आणि हातमोजे, गमबूट हे श्रमदात्याला नाही तर आधी कामगाराला, हे लेखी घ्या. एवढं ऐकून जर त्यांनी तुम्हाला यायला नको म्हटलं, तर समजा तुम्हाला पत्रकाचा अर्थ कळला.

आणि एक आपल्या स्वतःसाठी. १४ एप्रिलची मिरवणूक. डीजे, निळा गुलाल, पाण्याचे पाऊच, बुंदीचे द्रोण, फटाक्यांचा कागद. रात्री १२ ला आपण जय भीम म्हणून झोपायला जातो, आणि पहाटे ५ ला तो रस्ता कोण झाडतं? मागच्या वर्षी आत्ती म्हणाली, "बाबाच्या जयंतीचा कचरा, त्येचं कसलं वाईट वाटायचं?" तिला वाटत नाही. मला वाटतं. मला रात्रभर झोप आली नाही.

म्हणून आम्ही १५ जणांनी ठरवलंय. १५ एप्रिल, पहाटे ४. मिरवणुकीचा पूर्ण रस्ता. आत्ती आणि तिच्या जोडीच्या बाया त्या दिवशी भरपगारी सुट्टीवर, ठेकेदाराकडून तसं लिहून घ्यायचं काम माझ्याकडे. ज्यांना यायचंय त्यांनी झाडू घरचा आणावा. फोटोवाल्यांना कळवू नये.